मागणी कमी केली, तरी नकारच : ऑस्ट्रेलियाच्या घटनेत आदिवासींना स्थान देण्याचे प्रकरण

१४ ऑक्टोबर २०२३, शनिवार. ऑस्ट्रेलियातल्या पावणेदोन कोटींहून अधिक मतदारांना एका प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे लिहून द्यायचे होते. अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरस स्ट्रेट बेटांवरील समाज हे या देशाचे आद्य रहिवासी आहेत, ही मान्यता राज्यघटनेत नोंदवावी आणि त्यासाठी ‘व्हॉइस’ नावाचे एक मंडळ स्थापन करावे, ही घटनादुरुस्ती तुम्हांला मंजूर आहे का? ऑस्ट्रेलियात मतदान सक्तीचे आहे, त्यामुळे घरी बसण्याचा मार्ग नव्हता. पूर्वेकडच्या राज्यांत संध्याकाळी मोजणी सुरू झाली आणि पश्चिमेला पर्थची मतदान केंद्रे अजून उघडी असतानाच निकाल लागून गेला. सहापैकी तीन राज्ये ‘नाही’ म्हणाली की दुरुस्ती फेटाळली जाते. शेवटी सहाही राज्ये ‘नाही’ म्हणाली. देशभरात ‘हो’ला ३९.९४ टक्के मते पडली आणि ‘नाही’ला ६०.०६ टक्के.

या निकालावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातले बरेचसे लिखाण दोन टोकांवर उभे आहे. एका बाजूला ‘ऑस्ट्रेलियन लोक वंशद्वेषी आहेत’, दुसऱ्या बाजूला ‘लोकांनी समतेच्या बाजूने कौल दिला’. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. हे प्रकरण अभ्यासण्यासारखे आहे ते त्याच्या आतल्या रचनेमुळे. आदिवासींनी जे मागितले ते आधीच छाटून छाटून लहान केलेले होते. विरोधकांची एकेक हरकत समोर ठेवून मसुद्यातून एकेक गोष्ट काढली गेली होती. आणि ज्या तडजोडींमुळे हा प्रस्ताव कायद्याच्या दृष्टीने निर्धोक झाला, त्याच तडजोडी प्रचारात त्याच्या विरुद्ध वापरल्या गेल्या. ते कसे घडले, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

घटनेत ते होते, पण वगळण्यापुरते

ऑस्ट्रेलियाची घटना १ जानेवारी १९०१ रोजी अमलात आली. १८९० च्या दशकात वसाहतींच्या प्रतिनिधींनी अधिवेशने भरवून ती लिहिली. त्या अधिवेशनांत एकही आदिवासी प्रतिनिधी नव्हता. तयार झालेल्या घटनेत आदिवासींचा उल्लेख दोन ठिकाणी आला, आणि दोन्ही ठिकाणी त्यांना बाजूला ठेवण्यासाठी. ५१ व्या कलमाच्या २६ व्या पोटकलमाने संसदेला कोणत्याही वंशाच्या लोकांसाठी विशेष कायदे करण्याचा अधिकार दिला, पण ‘राज्यांतील आदिवासी वंश सोडून’. १२७ व्या कलमाने सांगितले की देशाची किंवा राज्याची लोकसंख्या मोजताना आदिवासींना धरू नये.

याविरुद्ध पहिली मोठी दाद मागितली ती विल्यम कूपर यांनी. ते योर्टा योर्टा समाजाचे. १९३० च्या दशकात त्यांनी राजाच्या नावे एक अर्ज तयार केला आणि त्यावर १,८१४ सह्या गोळा केल्या. अर्जात ज्या मागण्या होत्या त्यांतली एक अशी : संसदेत आमच्या वतीने बोलणारा एक सदस्य असावा. १९३७ मध्ये अर्ज सरकारकडे दिला गेला, आणि पुढच्या वर्षी मंत्रिमंडळाने तो राजाकडे न पाठवण्याचे ठरवले. २०२३ ची मागणी कोणा विद्यापीठीय तज्ज्ञाच्या टेबलावर जन्मली असे ज्यांना वाटते, त्यांनी कूपर यांचा अर्ज डोळ्यांसमोर ठेवावा. आमच्याविषयी ठरवताना आमचे ऐकून घ्या, ही गोष्ट पंचाऐंशी वर्षे मागितली जात होती.

२७ मे १९६७ च्या सार्वमतात ९०.७७ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटले. वगळणारे शब्द काढले गेले, १२७ वे कलम रद्द झाले. हा दिवस ऑस्ट्रेलियात आजही अभिमानाने सांगितला जातो, आणि तो अभिमान रास्त आहे. पण त्या दुरुस्तीचा एक परिणाम फार थोड्यांच्या लक्षात राहतो. वगळणारे शब्द गेले, पण त्यांच्या जागी दुसरे काहीच आले नाही. पूर्वी घटना आदिवासींना नाकारत होती. आता ती त्यांच्याविषयी अवाक्षर काढत नव्हती. उरला तो वंशावर आधारित कायदे करण्याचा संसदेचा अधिकार, आणि तो आता आदिवासींनाही लागू झाला.

हा अधिकार फक्त त्यांच्या भल्यासाठी वापरायचा की त्यांच्या विरुद्धही वापरता येतो? १९९८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या हिंडमार्श बेटावरील पुलाच्या वादात हा प्रश्न हायकोर्टासमोर, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर, गेला. न्गारिंजेरी समाजातल्या स्त्रियांनी त्या जागेच्या पावित्र्याचा दावा केला होता आणि संसदेने कायदा करून त्या जागेपुरते वारसा-संरक्षण काढून घेतले होते. कोर्टाने तो कायदा टिकवला. मूळ प्रश्नावर मात्र न्यायाधीशांत एकवाक्यता झाली नाही, तो तसाच लोंबकळत राहिला. पुढे २००७ मध्ये केंद्र सरकारने नॉर्दर्न टेरिटरीतल्या आदिवासी वस्त्यांत ‘हस्तक्षेप’ केला, तेव्हा वंशभेदविरोधी कायदाच त्या उपाययोजनांपुरता बाजूला ठेवला. ज्यांच्या घरात सरकार शिरले, त्यांना आधी विचारले गेले नव्हते.

विचारण्यासाठी संस्था नव्हत्या असे नाही. १९७३ पासून एकामागून एक राष्ट्रीय पातळीवरच्या सल्लागार आणि निवडून आलेल्या संस्था उभ्या राहिल्या. सगळ्यांत मोठी ‘अ‍ॅटसिक’ (अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरस स्ट्रेट आयलंडर आयोग), १९९० मध्ये सुरू झालेली, प्रादेशिक मंडळांसह. २००५ मध्ये संसदेने ती मोडीत काढली, दोन्ही मोठ्या पक्षांच्या संमतीने. तिच्या कारभारात दोष होते, हे आदिवासी नेत्यांनीही मान्य केले आहे. पण महामंडळाच्या कारभारात दोष निघाला तर महामंडळ दुरुस्त करतात. इथे दोष निघाला आणि अख्ख्या समाजाचे बोलणेच बंद झाले. म्हणूनच पुढची मागणी अशी झाली की मंडळाचे अस्तित्व घटनेत असू द्या, म्हणजे एखादे सरकार नाराज झाले तर ते पुसले जाणार नाही.

एकेक पायरी खाली

आता या प्रकरणाचा जो भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, तिथे थोडे थांबतो.

१९९९ मध्ये प्रजासत्ताकाच्या सार्वमतासोबत एक नवी प्रस्तावनाही मतदारांपुढे ठेवली होती, तिच्यात आदिवासींचा गौरवाने उल्लेख होता. ती ३९.३४ टक्के मते मिळवून पडली. आदिवासी संघटनांना त्या मजकुराविषयी नीट विचारलेही गेले नव्हते. त्यानंतर २०१० मध्ये ज्युलिया गिलार्ड सरकारने तज्ज्ञांचे मंडळ नेमले. त्याने जानेवारी २०१२ मध्ये जी शिफारस केली ती भक्कम होती. वंशावर आधारित तरतुदी काढाव्यात, मान्यतेचा मजकूर घालावा आणि वंशाच्या आधारावर भेदभाव करणाऱ्या कायद्यांना मनाई करणारे नवे कलम घटनेत आणावे.

हे कलम पुराणमतवादी मंडळींना पटले नाही. त्यांचे म्हणणे असे की याने संसदेचे अधिकार न्यायाधीशांच्या हाती जातील. ऑस्ट्रेलियाच्या घटनेत आपल्यासारखी मूलभूत हक्कांची सविस्तर यादी नाही. तिथे संसदेच्या सार्वभौमत्वाला फार जपले जाते. त्यामुळे ही हरकत नुसती सबब नव्हती, तिच्यामागे खरी घटनात्मक परंपरा होती.

मग क्वीन्सलँडच्या उत्तरेकडील केप यॉर्कचे आदिवासी नेते नोएल पीअरसन यांनी वेगळी वाट शोधली. त्यांनी घटनेला जपणाऱ्या पुराणमतवादी विचारवंतांशीच बोलणे सुरू केले. ग्रेग क्रेव्हन, डेमियन फ्रीमन आणि पुढे लिबरल पक्षाचे खासदार झालेले ज्युलियन लीझर हे त्या चर्चेत होते, घटनातज्ज्ञ मेगन डेव्हिस आणि अ‍ॅन ट्वोमी होत्या. त्यांच्यातून आलेली कल्पना अशी : कोर्टाच्या हाती काहीच देऊ नका. हक्कांचे कलम नको, मनाई नको. फक्त एक मंडळ असू द्या, जे संसदेला आपले म्हणणे सांगेल. संसदेने ते ऐकावे की नाही, हे संसदेने ठरवावे. २०१५ मध्ये ट्वोमी यांनी त्याचा मसुदा प्रसिद्ध केला.

म्हणजे ‘व्हॉइस’ ही कल्पना डाव्यांनी पुराणमतवाद्यांवर लादलेली नव्हती. पुराणमतवाद्यांच्या हरकतीला दिलेले ते उत्तर होते, आणि ते देताना आदिवासींनी कोर्टात दाद मागण्याचा हक्क सोडला होता. ही गोष्ट २०२३ च्या प्रचारात जवळजवळ कुणाच्या कानावर गेली नाही, आणि याची मला फार खंत वाटते.

दरम्यान २०१५ च्या डिसेंबरमध्ये पंतप्रधान माल्कम टर्नबुल आणि विरोधी पक्षनेते बिल शॉर्टन यांनी मिळून रेफरेंडम कौन्सिल, म्हणजे सार्वमताविषयीचे मंडळ, नेमले. त्याने देशभर बारा ठिकाणी प्रादेशिक संवाद घडवले. हे संवाद आदिवासींनीच चालवले, निमंत्रितही तेच होते. प्रत्येक ठिकाणी पर्याय समोर ठेवून लोकांना विचारले गेले : नुसती प्रस्तावना हवी का, भेदभावाला मनाई हवी का, मंडळ हवे का, सरकारशी तह हवा का. नुसत्या गौरवाच्या शब्दांना जवळपास कोणीच हात लावला नाही. शब्दांचा मान घेऊन घरी जायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच सरकार, तेच न विचारता घेतलेले निर्णय, हे त्यांना नको होते.

मे २०१७ मध्ये मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या पवित्र खडकाच्या पायथ्याशी सुमारे अडीचशे प्रतिनिधी जमले. काही प्रतिनिधी सभा सोडून गेले. त्यांचे म्हणणे होते की घटनेत शिरणे म्हणजे आपले सार्वभौमत्व गमावणे. उरलेल्यांनी २६ मे रोजी ‘उलुरू निवेदन’ मंजूर केले. एका पानाचा मजकूर, भोवती तिथल्या आनांगू समाजातल्या चित्रकारांनी रंगवलेली त्या भूमीची कथा आणि प्रतिनिधींच्या सह्या. मागण्या तीन : घटनेत स्थान असलेले मंडळ, मग तह आणि सत्यकथनासाठी आयोग. निवेदन पंतप्रधानांना उद्देशून नव्हते, संसदेलाही नव्हते. ते ऑस्ट्रेलियाच्या जनतेला उद्देशून होते. १९३८ मध्ये जो अर्ज मंत्रिमंडळाने अडवून ठेवला, त्याचा धडा त्यात दिसतो.

ऑक्टोबर २०१७ मध्ये टर्नबुल सरकारने नकार दिला. हे मंडळ संसदेचे तिसरे सभागृह ठरेल, असे कारण दिले गेले. नकाराधिकार नाही, मतदान नाही, निधी रोखण्याची सत्ता नाही, असे सभागृह कुठे असते? पण ‘तिसरे सभागृह’ हे शब्द चिकटले ते चिकटलेच.

तीन ओळींचा मसुदा

२१ मे २०२२ च्या रात्री निवडणूक जिंकल्यावर लेबर पक्षाचे नेते अँथनी अल्बनीज यांनी उलुरू निवेदन पूर्णपणे अमलात आणण्याचे वचन दिले. जुलैअखेरीस गार्मा या आदिवासी उत्सवात त्यांनी मसुदा वाचून दाखवला, मार्च २०२३ मध्ये तो पक्का झाला. घटनेला १२९ वे कलम जोडायचे होते. आद्य रहिवासी म्हणून मान्यता देणारे एक वाक्य आणि त्याखाली तीन पोटकलमे. पहिले : असे एक मंडळ असेल. दुसरे : ते मंडळ आदिवासींशी संबंधित बाबींवर संसदेकडे आणि केंद्र सरकारकडे निवेदन करू शकेल. तिसरे : मंडळाची रचना, कामे, अधिकार आणि कार्यपद्धती यांविषयी कायदे करण्याचा अधिकार संसदेला असेल.

तिसरे पोटकलम नीट वाचा. मंडळात किती सदस्य, कसे निवडायचे, किती काळासाठी, खर्च किती, सगळे संसदेच्या हाती. पुराणमतवाद्यांना ‘संसद सर्वोच्च राहील’ ही जी हमी हवी होती, ती इथे पूर्णपणे दिलेली आहे. सॉलिसिटर जनरल स्टीफन डोनाह्यू यांनी लेखी मत दिले की हा प्रस्ताव प्रातिनिधिक शासनपद्धतीशी सुसंगत तर आहेच, उलट तिला बळ देणारा आहे. हायकोर्टाचे माजी न्यायाधीश इयन कॅलिनन यांनी मात्र वर्षानुवर्षे खटले चालतील असा इशारा दिला; वादाचा मुद्दा होता दुसऱ्या पोटकलमातला ‘केंद्र सरकार’ हा उल्लेख. लीझर यांनी तो भाग काढून टाकण्याची सूचना केली. सरकारने ती मानली नाही. मला सरकारचे हे ठरवणे तत्त्वतः बरोबर वाटते, कारण आदिवासींच्या रोजच्या आयुष्यावर परिणाम करणारे बहुतेक निर्णय संसदेत होत नाहीत, खात्यांत होतात. पण राजकारणाच्या हिशेबात तिथे एक दार बंद झाले.

दार आधीच अर्धे बंद होते म्हणा. लिबरल पक्षाच्या आघाडीतल्या नॅशनल्स पक्षाने नोव्हेंबर २०२२ मध्येच, अंतिम मसुदा येण्यापूर्वी, विरोध जाहीर केला होता. ५ एप्रिल २०२३ रोजी विरोधी पक्षनेते पीटर डटन यांच्या लिबरल पक्षाने तोच निर्णय घेतला. लीझर यांनी पक्षातले पद सोडले आणि ‘हो’चा प्रचार केला. आदिवासी कल्याण खात्याचे माजी मंत्री केन वायट यांनी पक्षच सोडला. विधेयक संसदेत सहज मंजूर झाले, प्रतिनिधिगृहात १२१ विरुद्ध २५ आणि सिनेटमध्ये ५२ विरुद्ध १९. पण संसदेची मंजुरी हा घटनादुरुस्तीचा सोपा टप्पा असतो. १२८ व्या कलमाप्रमाणे देशभरात बहुमत तर हवेच, शिवाय सहापैकी चार राज्यांतही हवे. २०२३ पर्यंत अशी ४४ सार्वमते झाली होती आणि त्यांतली आठच यशस्वी झाली होती. शेवटचे यश १९७७ चे. दोन्ही मोठे पक्ष एकत्र नसताना एकही दुरुस्ती मंजूर झालेली नव्हती.

‘माहीत नसेल तर नाही म्हणा’

‘नाही’च्या प्रचाराने एक साधे वाक्य पकडले : तुम्हांला माहीत नसेल, तर ‘नाही’ म्हणा. सदस्य किती? निवडणार कोण? पगार किती? सरकारचे उत्तर एकच, हे सगळे नंतर संसद ठरवेल. उत्तर घटनेच्या दृष्टीने निर्दोष होते. ऑस्ट्रेलियाच्या घटनेचे ७१ वे कलम सांगते की हायकोर्ट असेल. न्यायाधीश किती हे संसदेवर सोडलेले आहे, आणि कोर्ट प्रत्यक्षात १९०३ मध्ये कायदा होऊन उभे राहिले. ‘पंतप्रधान’ हा शब्दही त्या घटनेत नाही. घटना सांगाडा देते आणि मांस संसद घालते, ही तिथली रीतच आहे.

पण मतपेटीसमोर उभ्या असलेल्या माणसाला हे उत्तर लपवाछपवीसारखे ऐकू आले. संसदेच्या अधिकारासाठी मोकळी सोडलेली जागा लोकांना संशयाची जागा वाटू लागली. तपशील घटनेत घातले असते तर ‘संसदेचे हात बांधले’ असा आरोप झाला असता. घातले नाहीत तर ‘काय लपवताय?’ असा झाला. सरकारने निदान सोबतच्या कायद्याचा मसुदा आधी प्रसिद्ध करायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. टॉम काल्मा आणि मार्सिया लँगटन यांच्या समितीने मंडळाच्या रचनेवर सविस्तर अहवाल २०२१ मध्येच दिला होता, म्हणजे सामग्री हाताशी होती. प्रत्येक तपशिलावर वाद होईल या भीतीने कायद्याचा मसुदा पुढे आणला गेला नाही. वाद टळला नाहीच, उलट वाद घालायला हाती काही ठोसही राहिले नाही.

दुसरा मुद्दा समतेचा होता, आणि तो अधिक खोल लागला. घटनेत एका समाजाला वेगळे स्थान दिले तर नागरिकांत वंशाच्या आधारावर फूट पडेल, असे सांगितले गेले. ऐकायला हे न्याय्य वाटते. पण त्या घटनेत वंश आधीपासून आहेच. ५१ व्या कलमातला वंशाधारित कायद्यांचा अधिकार आजही आहे. २५ वे कलम आजही आहे, आणि एखादे राज्य एखाद्या वंशाचा मताधिकार काढून घेऊ शकते हे ते गृहीत धरते. प्रस्तावाचा आधारही वंशाचा नव्हता. वसाहत येण्यापूर्वी या भूमीवर कोण होते, हा तो आधार होता. भारतीय, चिनी किंवा इटालियन वंशाच्या ऑस्ट्रेलियन माणसाचा देश कोणी बळकावून त्यावर हे राज्य उभे राहिलेले नाही. फरक आहे तो इथे. हा मुद्दा ‘हो’च्या बाजूने शांतपणे, पुन्हा पुन्हा सांगायला हवा होता, तिथे भर राहिला तो मुख्यतः सद्भावनेच्या आवाहनावर.

आदिवासींमध्येही मतभेद होते आणि ते झाकू नयेत. सिनेटर जसिंता नाम्पिजिन्पा प्राइस आणि वॉरन मंडिन यांनी विरोधाचे नेतृत्व केले. प्राइस यांचे म्हणणे होते की दुर्गम वस्त्यांतल्या हिंसेवर आणि अनास्थेवर नवे मंडळ उत्तर नाही, जबाबदारी निश्चित करणे हे आहे. सिनेटर लिडिया थॉर्प यांचा विरोध उलट दिशेने : आधी तह करा, बिनअधिकाराचे मंडळ आम्हांला नको. या तिघांना कोणाचे तरी प्यादे ठरवणाऱ्यांनी आदिवासी माणसाचा अपमानच केला. दहा लाखांच्या जवळपास लोकसंख्येचा, शेकडो भाषांचा समाज एकमुखाने बोलेल अशी अपेक्षा आपण दुसऱ्या कोणाकडून ठेवत नाही.

तरीही कौल कुठे कसा पडला हे पाहण्यासारखे आहे. मुख्यतः आदिवासी वस्ती असलेल्या ठिकाणांच्या मतदान केंद्रांवर ‘हो’ मोठ्या फरकाने जिंकले : वाडेय येथे नव्वद टक्क्यांच्या वर, तीवी बेटांवर ऐंशी टक्क्यांच्या वर, क्वीन्सलँडमधल्या पाम आयलंडवर पाऊणशे टक्क्यांच्या आसपास. संपूर्ण क्वीन्सलँडमध्ये मात्र ‘हो’ला ३२ टक्क्यांच्या आसपास मते मिळाली. ज्यांच्यासाठी मंडळ मागितले जात होते ते लोकसंख्येच्या चार टक्क्यांपेक्षाही कमी. निर्णय उरलेल्या शहाण्णव टक्क्यांचा.

सार्वमतानंतर ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीने केलेल्या सर्वेक्षणात सुमारे ८७ टक्के लोक म्हणाले की आपल्याशी संबंधित बाबींत आदिवासींना बोलण्याची संधी असायला हवी. म्हणजे तत्त्व मान्य, घटनेतली तरतूद अमान्य. याला नुसता वंशद्वेष म्हणता येत नाही. संशय, घाई, महागाईची चिंता आणि दोन पक्षांतली फूट, या सगळ्यांनी मिळून ते केले.

आपल्या घटनेच्या आरशात

मराठी वाचकाने हे प्रकरण वाचताना पाचवी अनुसूची आठवावी. महाराष्ट्र पाचव्या अनुसूचीतले राज्य आहे. गडचिरोली, नंदुरबार, पालघरपासून नाशिकपर्यंतचे अनुसूचित क्षेत्र तिच्याखाली येते. या अनुसूचीच्या चौथ्या परिच्छेदात जनजाती सल्लागार परिषद आहे. वीसपर्यंत सदस्य, त्यांपैकी शक्यतो तीन चतुर्थांश विधानसभेतले अनुसूचित जमातींचे आमदार. १९५० पासून घटनेत आहे. ऑस्ट्रेलियाने २०२३ मध्ये जे नाकारले त्याच्या जवळची गोष्ट आपल्याकडे सत्तर वर्षांहून अधिक काळ आहे, आणि त्यामुळे देशात फूट पडली नाही.

पण त्याच परिच्छेदात एक अट आहे. परिषदेचे कर्तव्य राज्यपालांनी जे विषय तिच्याकडे पाठवले त्यांवर सल्ला देण्याचे आहे. स्वतःहून विषय उचलण्याचा अधिकार तिथे लिहिलेला नाही. बहुतेक राज्यांत परिषदेचा अध्यक्ष मुख्यमंत्रीच असतो. ज्याला ऐकवायचे तोच बैठक बोलावणारा. ‘व्हॉइस’च्या मसुद्यातले दुसरे पोटकलम इथे किती मोलाचे होते ते कळते : विचारण्याची वाट न पाहता मंडळ बोलू शकणार होते. एवढ्यासाठीच तर सगळा लढा होता.

आणखी एक फरक. आपली घटना लिहिली जात होती तेव्हा आदिवासी नेते जयपाल सिंग मुंडा संविधान सभेत होते. १९ डिसेंबर १९४६ रोजी उद्दिष्टांच्या ठरावावर ते उभे राहून बोलले. त्यांच्या सगळ्या मागण्या मान्य झाल्या नाहीत, पण प्रश्न विचारणारा माणूस मसुद्याच्या वेळी खोलीत होता. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींना ही संधी एकशे वीस वर्षांनी, अर्ज करून, बाहेरून मागावी लागली.

सार्वमतानंतर

निकालानंतर अनेक आदिवासी नेत्यांनी आठवडाभर मौन पाळले. डटन यांनी सार्वमतापूर्वी, आपण सत्तेवर आलो तर केवळ प्रतीकात्मक मान्यतेसाठी दुसरे सार्वमत घेऊ असे म्हटले होते. निकालानंतर ते वचन मागे पडले. केंद्र सरकारनेही घटनादुरुस्तीचा विषय पुन्हा उघडला नाही.

काम राज्यांकडे सरकले. दक्षिण ऑस्ट्रेलियाने मार्च २०२३ मध्येच कायदा करून राज्यापुरता ‘व्हॉइस’ उभा केला होता, त्याच्या पहिल्या निवडणुका मार्च २०२४ मध्ये झाल्या. क्वीन्सलँडमध्ये तहाच्या वाटचालीसाठी केलेला कायदा नव्या सरकारने २०२४ च्या अखेरीस रद्द केला, आणि त्याखाली सुरू झालेली सत्यशोधन चौकशीही थांबली. व्हिक्टोरियात, जिथे सार्वमतात ‘हो’ला राज्यांमध्ये सर्वाधिक म्हणजे ४६ टक्क्यांच्या आसपास मते मिळाली होती, फर्स्ट पीपल्स असेंब्ली या आदिवासींनी निवडलेल्या प्रतिनिधी मंडळाने राज्य सरकारशी वाटाघाटी पूर्ण केल्या आणि २०२५ मध्ये तहाचा कायदा मंजूर झाला. ऑस्ट्रेलियातला राज्य पातळीवरचा हा पहिला तह. तिथल्या विरोधी आघाडीने सत्तेवर आल्यास तो रद्द करण्याचे जाहीर केले आहे. साध्या बहुमताने तसे करता येते. अ‍ॅटसिकच्या बाबतीत तेच झाले होते, आणि क्वीन्सलँडमध्येही.